शेळीनं खाल्लेली अंबाडी

पिंगळी स्टेशन,
रविवार, दुपार

प्रिय शीलू,

सप्रेम जयभीम. पाकीट बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. तुझ्या आईचा डावा गुडघा कुरकुरतो, पण तोंड शाबूत आहे, त्यामुळे घर चालू आहे. आपल्याकडे टपालानं येते ती एक तर मंगल परिणयाची पत्रिका, नाही तर कुणी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाची, म्हणून आधीच सांगितलं. चाळीस वर्षं तुझ्या बापानं लिहिण्यावरच पोट भरलं. किराणा दुकानं लिहिली, पिठाच्या गिरण्या लिहिल्या, 'येथे लघवी करू नये' तर किती भिंतींवर लिहिलं त्याला गणती नाही. पण कुणाला पत्र म्हणून लिहिण्याची ही पहिलीच वेळ. हात मोठ्या अक्षरांना सरावलेला. पहिल्या कागदावर 'प्रिय धम्मशीला' एवढंच मावलं, आणि तेही मी बरोबर मध्यभागी घेऊन दोन्ही बाजूंना एकेक फूल काढलं. तुझी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पत्र लिहायलात का दुकान उघडायलात?" हा चौथा कागद आहे. आता अक्षर आटोक्यात आलंय.

फोन का केला नाही, असं तू म्हणशील. फोनवर आपलं काय बोलणं होतं ते तुला माहीत आहे. तू विचारतेस, "आबा, जेवलात का?" मी म्हणतो, "जेवलो." तू म्हणतेस, "आईला द्या." सात वर्षं झाली, आपण बापलेक एवढ्यावरच आहोत. एकदा तर मी जेवलो नव्हतो तरी 'जेवलो' म्हणालो, कारण 'नाही' म्हटल्यावर पुढं काय बोलायचं ते मला सुचलं नसतं. यात तुझी चूक नाही. बारावी झाल्यावर औरंगाबादच्या चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म तू माझ्यापुढं ठेवलास. त्या साली फ्लेक्सच्या मशिनींनी माझं निम्मं काम खाल्लं होतं, ब्रश वाळून कडक व्हायचे. मी फॉर्म परत केला आणि तुला नांदेडला नर्सिंगला घातलं. इथवर ठीक होतं. पण वर मी एक वाक्य बोललो. ते तुला पाठ आहे, मला पाठ आहे, आणि तुझी आई ते वर्षातून दोनदा मला म्हणून दाखवते. ते आत्ताच लिहायला हात धजत नाही, पत्र संपायच्या आत लिहीन. त्याआधी तुझ्या पत्र्याच्या पेटीविषयी एक गुन्हा कबूल करायचा आहे. तो वाचल्यावर तू 'जेवलात का' एवढं तरी विचारशील की नाही, याचीच मला धास्ती आहे. पण साधा बोर्डसुद्धा मी दोरीनं रेघ मारल्याशिवाय लिहीत नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

रुळापलीकडच्या वस्तीवरची शाळा तुला आठवत असेल. तिथं जीवन सर म्हणून नवे हेडमास्तर आलेत, राणीसावरगावचे. पोरगं हुशार आहे, फक्त त्याला स्पर्धांचा नाद आहे. या साली त्यांनी शाळेच्या परसबागेची स्पर्धा अंगावर घेतली. मेथी, पालक, वांगी, टमाटे, सगळं लावलं. लेकरांनी घरून तांब्या तांब्या पाणी आणून जगवलं. मग बोअरची मोटर जळाली, आणि उन्हातून जे वाचलं ते बायनाबाईच्या शेळीनं संपवलं. बायनाबाईचं घर शाळेला लागून आहे आणि तिची शेळी वस्तीत सगळ्यांच्या आधी जेवते. बघायला समिती येणार शुक्रवारी. मंगळवारी सर घामाघूम होऊन आपल्या दारात. म्हणाले, "काका, बाग तर गेली. आता भिंतीवर तरी काढून द्या. शाळेचा कलाप्रकल्प म्हणून दाखवू. नुसत्या मातीपुढं उभं राहायची लय लाज वाटायली." भिंतीवर तर मागच्याच वर्षी मी महाराष्ट्राचा नकाशा आणि बारापर्यंतचे पाढे लिहिलेले. माझंच काम माझ्याच हातानं पुसायचं जिवावर आलं. शेवटी ठरलं की झाडं कागदावर काढायची, कापायची आणि नकाशाच्या खाली ओळीनं चिकटवायची, अगदी जमिनीलगत, म्हणजे वाफ्यातून वर आल्यासारखी दिसतील. जमिनीलगत ही कल्पना माझी. ती लक्षात ठेव, पुढं लागेल.

हो म्हणून बसलो आणि फसलो. शीलू, मला झाडं येत नाहीत. चाळीस वर्षांत मी एकच पान काढलं, बोर्डाच्या चारी कोपऱ्यांत असतं ते, मुरडलेलं, दोन्हीकडून सारखं. तेच वांग्याला लावलं, तेच टमाट्याला, तेच फुलकोबीला. बुधवारी दुपारपर्यंत ही तीन झाडं तयार झाली. तुझ्या आईनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "झाडाला बल्ब कशाला लावलाव?" ते वांगं होतं. त्याला मी सवयीनं खालून सावली मारली होती, मेडिकलच्या बोर्डावर अक्षरांना मारतो तशी, त्यामुळे ते झाडाला लागलेलं न वाटता दुकानाच्या दारात टांगल्यासारखं दिसत होतं. "परसदारी जाऊन बघा की जरा," ती म्हणाली. "तीस डबे लावलेत म्या. कवा बघितलाव का?" खरं सांगतो, बघितले नव्हते. डबे माझेच आहेत. ऑइलपेंट संपला की डबा तिच्याकडे जातो, ती बुडाला खिळ्यानं भोकं पाडते, माती भरते आणि लावते. कढीपत्ता सिग्नल रेडमध्ये, गवती चहा गोल्डन यलोमध्ये, अंबाडी ऑक्सफर्ड ब्लूच्या मोठ्या डब्यात. माझ्या लेखी ते रिकामे डबे होते. त्यातून काही उगवतं हे मला कपात गवती चहा पडला तरच कळायचं.

एवढं बोलून ती बचत गटाच्या मीटिंगला गेली, आणि मी पलंगाखालून तुझी पेटी ओढली. मनात पाप नव्हतं. तुझ्या एखाद्या जुन्या पुस्तकात झाडांची चित्रं असतील, ती बघून काढू, एवढंच. वर शाळेची वह्यापुस्तकं होती आणि तळाला सुतळी बांधलेली एक गुंडाळी. नववीच्या उन्हाळ्यात तू परसदारी उकिडवी बसून काहीतरी करायचीस, एवढं मला आठवत होतं. मी समजायचो, अभ्यास करायली. माझ्याकडे त्या साली निवडणुकीची पोस्टरं उरली होती; त्यांच्या कोऱ्या पाठीवर तू आईचा एकेक डबा काढून ठेवला होतास, तीसच्या तीस, खाली तारीख. दुपारच्या उन्हानं मिरचीची पानं कशी आत मिटतात ते. कढीपत्त्याच्या पानावर अळीनं खाल्लेली नक्षी. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब होता, त्याला मी बोट लावून बघितलं, ओलं लागतं का म्हणून. आणि डबेसुद्धा कसे, तर माझ्या हातून ओघळलेला रंग जिथं ओघळला होता तिथंच ओघळलेला, कडेला गंज, सदाफुलीच्या डब्याला एक पोचा. मी पेटीपुढं तासभर बसून राहिलो. मला रडू आलं, लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ, काय सांगू, असंही वाटलं की चला, आपलं काम झालं. मी कात्री घेतली. तीसही झाडं कडेकडेनं कापली. वर माझी तीन ठेवली. आणि शेवटी कागदाची एक पट्टी कापून तिच्यावर सवयीनं लिहिलं, 'सिद्धोधन पेंटर, पिंगळी', आणि खाली फोन नंबर. हा झाला गुन्हा. थोडं पाणी पी आणि मग पुढं वाच.

आता खळ. पोस्टर लावणाऱ्याचा पहिला नियम तुला लहानपणापासून माहीत आहे, खळीत मोरचूद टाकल्याशिवाय कागद भिंतीला लावायचा नाही. नाही तर शेळ्या पिठाच्या वासानं येतात आणि कागद खाऊन टाकतात. पण मोरचूद विषारी, आणि शाळेतली लेकरं भिंतीला हात लावणार, तोच हात तोंडात घालणार. तुझी आई म्हणाली, "अजिबात टाकायचा न्हाई." बरोबरच होतं ते. घरातलं गव्हाचं पीठ संपलं होतं, म्हणून तिनं ज्वारीचं घेतलं. आणि वेळ नव्हता म्हणून शाळेत ज्या पातेल्यात खिचडी शिजते त्यातच, बुडाशी लागलेली खिचडी न खरवडता, खळ शिजवली. ती पिवळसर झाली. मी बोट लावून चाखली. शपथेवर सांगतो, मीठ बेताचं होतं. गुरुवारी दिवसभर बसून मी आणि सरांनी झाडं चिकटवली. मुलं बघायला आली आणि कुणी न सांगता हळू बोलायला लागली.

शुक्रवारी समिती आली. राजेश्री मॅडम प्रमुख, बरोबर फायली घेतलेले दोघं. जीवन सरांनी त्यांना रिकाम्या वाफ्यांच्या पुढून घाईघाईनं भिंतीकडं नेलं. मॅडम खाली वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. एकेका झाडापुढं थांबत त्या चालल्या होत्या, सर त्यांच्यामागं पदर धरल्यासारखे, आणि मी फाटकाजवळ, हातात ब्रश घेऊन, कारण ब्रश हातात असला की माणूस कलावंत दिसतो. तेवढ्यात फाटकाच्या फटीतून बायनाबाईची शेळी आत शिरली. कुणाकडं न बघता ती भिंतीपाशी गेली आणि सगळ्यांच्या समोर तिनं अंबाडी खायला घेतली. आधी शेंड्याची पानं, मग देठ, मग अर्धा ऑक्सफर्ड ब्लू. मागच्या बाजूला एक पडलेला उमेदवार हात जोडून उभा होता, तोही गेला. सरांचा चेहरा पांढराफटक. मी "हाड, हाड" करत धावलो, तर मॅडमनी हात आडवा केला. "थांबा, तिला हात लावू नका," म्हणाल्या. "अहो, शेळी फसली! जनावराला खरं वाटावं असं चित्र काढलंय ह्यांनी!" आणि टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वाजवल्यावर फायलीवाल्यांनी वाजवल्या, मग सरांनी, मग लेकरांनी. एका फायलीवाल्यानं तर पहिल्यापासूनच मोबाइलवर सगळं घेतलं होतं. माझ्या जिभेवर 'खळ' हा शब्द आला होता, देवाशपथ म्हणणार होतो, पण आपण देव मानत नाही, आणि तोवर सरांनी माझा हात धरून वर केला. परसबागेत शाळेला नंबर मिळाला नाही, कारण परसबाग नव्हती. पण एक खास बक्षीस मिळालं, जे बहुतेक त्याच दिवशी जन्माला आलं.

मग काय, माझं नावच शेळीवाला पेंटर पडलं. एका पेपरात फोटो आला, मी आणि शेळी, दोघांचीही मान वाकडी. शाळेत सत्कार ठरला तेव्हा बायनाबाई भांडायला उभी राहिली. "सत्कार ह्यांचा एकट्याचाच का? खाल्लं कुणी? माझी शेळी न्हाई आली असती तर ह्यांना कुत्रं तरी इचारलं असतं का?" शेवटी शेळीलाही झेंडूचा हार घातला. तिनं तो तिथल्या तिथं खाल्ला. त्या मांडवात खरेपणानं वागणारी ती एकटीच होती. मला शाल मिळाली, तुझ्या आईनं ती घरी येताच खुंटीला लावली. तिनं चित्रं पहिल्याच दिवशी ओळखली होती. ती झाडं तिनंच वाढवलीत. पण मला एका शब्दानं बोलली नव्हती, आणि तुझी आई बोलत नाही तेव्हा घरात किती आवाज होतो ते तुला माहीत आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पोखर्णीच्या रस्त्याला माऊलीनं नवा ढाबा काढलाय. तो म्हणाला, "काका, समोरच्या भिताडावर भाजीपाला काढा. शेळी खाईल असा." आठ दिवस खपून मी पालक काढला, कोथिंबीर काढली, गाजरं काढली. तुझी चित्रं डोळ्यांपुढं आणून काढली, तरी आपलं ते बोर्डाचंच पान. शेवटच्या दिवशी माऊली मागच्या गोठ्यातून शेळी घेऊन आला, दाव्याला धरून. "आधी पास तर होऊ द्या," म्हणाला. शेळीनं पालकाकडं पाठ केली, रस्त्याकडं तोंड करून बसली आणि रवंथ करायला लागली. मी म्हणालो, तिचं पोट भरलेलं आहे, उद्या उपाशी आण. आणि दुसऱ्या दिवशी, शीलू, मी घरातून जेवणाच्या डब्यात खळ घेऊन निघालो. तुझ्या आईला दारातच वजनाचा संशय आला. तिनं डबा उघडला, बघितलं, झाकण लावलं आणि एवढंच म्हणाली, "पोरीच्या जिवावर शेळ्या नाचवायलात. तिला सांगितलाव का?" तरीही मी गेलो. हात फिरवायचं निमित्त करून पालकाला खळ फासली. माऊलीच्या शेळीनं ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चाटून साफ केली आणि निघून गेली. माऊली डोकं खाजवत म्हणाला, "चाटली, पण खाल्ली न्हाई. अर्धा पास." साठीला आलेल्या माणसाची शेळीकडून परीक्षा घेतात आणि तो कॉपी करून अर्धाच पास होतो, याच्याइतकी खालची पायरी मला तरी माहीत नाही.

त्याच आठवड्यात राजेश्री मॅडमचा फोन आला. परभणीला गावोगावच्या कलेचं प्रदर्शन आहे, त्यात ही परसबाग ठेवायची. चित्रं निवडायला दिनकरराव म्हणून एक रिटायर ड्रॉइंग मास्तर शाळेत आले. मी ओल्या फडक्यानं झाडं भिंतीवरून अलगद सोडवून वर्गात मांडून ठेवली होती. हात पाठीमागं बांधून ते बघत चालले. माझ्या तिन्हींपुढं "हं" म्हणाले. तुझ्या सदाफुलीपुढं थांबले, चष्मा पुसला, पुन्हा घातला. विचारलं, "हा डब्याचा पोचा कशानं पडला?" मी म्हणालो, "पडला असेल असाच." ते म्हणाले, "अंदाजानं काढलेला पोचा असा येत न्हाई. काढणाऱ्याला ठाऊक असतंय." मग भिंतीवरचे माझे पाढे बघून म्हणाले, "अक्षर लय देखणं हाय तुमचं. पळता हात हाय. आणि ही झाडं काढणारा हात थांबणारा हाय. दोन्ही हात तुमचेच का?" मी म्हणालो, "हो." त्यांनी चहा घेतला आणि गेले. घरी येऊन तुझ्या आईला विचारलं, सदाफुलीच्या डब्याला पोचा कशानं पडला. ती म्हणाली, "शीलू सायकल शिकायली होती तवा. तुमी मागून हात सोडला, ती डब्यावर पडली. डबा तवा भरलेला होता. तुमी पळत आलाव आणि पहिलं इचारलं, रंग सांडला का." मला हे अजिबात आठवत नव्हतं. तू ते काढून ठेवलं होतंस.

काल त्या फायलीवाल्यानं घेतलेला व्हिडिओ पुन्हा लावला. चाळिसाव्यांदा असेल. पण या वेळी पहिल्यांदाच मी स्वतःकडे न बघता शेळीकडे बघितलं. ती फाटकातून आत येते तेव्हा तिच्या वाटेत आधी माझं वांगं आहे. तिनं ते हुंगलं आणि सोडलं. मग टमाटा हुंगला. फुलकोबीपुढं ती थांबली, मला वाटलं आता खाईल, तर शिंकली. आणि मग सात-आठ पावलं पुढं जाऊन ती तुझ्या अंबाडीपुढं उभी राहिली. खळ सगळ्यांना एकाच पातेल्यातली होती, शीलू. मीठही तेवढंच. म्हणून आता ते वाक्य लिहितो. तुझा फॉर्म परत करताना मी म्हणालो होतो, "पानं काढून काय होणार? तुझी ही पानं शेळीसुद्धा खाणार नाही." तर शेळीनं खाल्ली. माझी नाही खाल्ली, तुझी खाल्ली, सगळ्या समितीपुढं खाल्ली, आणि मी चुकलो हे सांगायलाच हे पत्र लिहिलं. आज सकाळी दिनकररावांना फोन करून सांगितलं की थांबणारा हात माझा नाही, माझ्या लेकीचा आहे. ते म्हणाले, "मला वाटलंच. तिला घेऊन या." प्रदर्शन पुढच्या रविवारी आहे. माझ्या नावाची पट्टी काढून टाकली, तिथं कोरी पट्टी लावलीय. हजारो लोकांची नावं लिहिली मी, पण त्या पट्टीवर माझा ब्रश चालणार नाही, ते तूच लिही. अंबाडीची जागाही मधोमध रिकामी ठेवलीय. तुझ्या आईनं त्याच ऑक्सफर्ड ब्लूमध्ये पुन्हा अंबाडी पेरली, चार बोटं वर आलीय, तू येईपर्यंत काढण्याजोगी होईल. एप्रिल तोंडावर आलाय, जयंतीच्या निळ्या रंगाचे डबे आणून ठेवलेत. यंदा पहिला रिकामा होणारा डबा मी स्वतः आईला नेऊन देईन. ड्युटीच्या कागदांच्या पाठीवर तू अजून पानं काढतेस असं ती सांगते. ते कागद घेऊन ये. कात्री मी लपवून ठेवली आहे. शनिवारच्या गाडीला मी स्टेशनवर उभा राहीन, सायकल घेऊन, आणि या खेपेला मागून हात सोडणार नाही. सही झाली की हात सवयीनं फोन नंबर लिहायला जातो, तो आवरतो; नंबर तुझ्याकडे आहेच. पत्र मिळालं की फोन कर. आणि 'आबा, जेवलात का' असं विचारलंस तर आता खरं सांगेन, की नाही जेवलो, तुझी वाट बघतोय.

तुझाच,
आबा